‘तेनेब्रे’ची पांढरी भिंत

आधीच सांगून ठेवतो, खाली खुनी कोण ते येणारे, त्यामुळे ज्यांना पिक्चर बघायचाय त्यांनी आधी बघून या मग वाचा. तसं मला खुन्याबद्दल फार बोलायचंच नाहीये. मला बोलायचंय भिंतीबद्दल. पांढऱ्या, कोऱ्या, नुकताच रंग दिल्यासारख्या भिंतीबद्दल, कारण इटालियन दिग्दर्शक दारिओ अर्जेंतोच्या 1982 च्या ‘तेनेब्रे’चं रिस्टोरेशन, म्हणजे जुनी फिल्म नीट करून डिस्कवर आणायचं काम, जिथे जिथे फसलं आणि जिथे जमलं ते सगळं त्या भिंतीवर वाचता येतं.

थोडी पार्श्वभूमी. ‘तेनेब्रे’ हा जाल्लो प्रकारातला पिक्चर. जाल्लो म्हणजे इटालियनमध्ये पिवळा. मोंदादोरी नावाच्या प्रकाशनाने 1929 पासून पिवळ्या कव्हरच्या रहस्यकथा काढल्या, आपल्याकडे स्टेशनवर पातळ रहस्यकथा मिळायच्या ना तशातलाच प्रकार, आणि मग तिकडे गुन्ह्याच्या गोष्टीलाच जाल्लो म्हणायला लागले. सिनेमातला जाल्लो म्हणजे काळे हातमोजे, वस्तरा, आणि असा एक साक्षीदार ज्याने काहीतरी बघितलंय पण नेमकं काय बघितलं तेच त्याला आठवत नाही. याची खरी चलती 1970 ते 75 च्या आसपास. त्यानंतर लाट ओसरली, अर्जेंतो स्वतः ‘सुस्पिरिया’ (1977) आणि ‘इन्फर्नो’ (1980) करून चेटकिणींच्या मागे गेला, तिकडे अमेरिकेत स्लॅशरचा, म्हणजे सुरा घेऊन एकेकाला मारत सुटणाऱ्या खुन्याच्या पिक्चरचा, धंदा जोरात चालू झाला, आणि 1982 मध्ये हा माणूस परत हातमोजे घालून आला. म्हणून याला उत्तरकाळातला जाल्लो म्हणायचं. आणि उत्तरकाळातला असल्यामुळे त्याला आपण काय करतोय ते पक्कं माहितीये, पिक्चरचा हिरोच रहस्यकथा लिहिणारा लेखक आहे.

पीटर नील, न्यूयॉर्कचा लेखक, नवीन पुस्तकाच्या प्रचाराला रोममध्ये येतो. पुस्तकाचं नाव ‘तेनेब्रे’. त्याच्या पुस्तकात आहेत तसे खून व्हायला लागतात, पहिल्या बाईच्या तोंडात त्याच पुस्तकाची पानं कोंबलेली. अर्जेंतोला स्वतःला 1980 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये एक चाहता फोन करून धमक्या देत होता, त्यातून ही कल्पना आली. मुद्दा असा की खुनी एक नाही, दोन आहेत. पहिला टीव्हीवर मुलाखती घेणारा बर्टी, तो मरतो आणि पुढचे खून स्वतः लेखकसाहेब करतात, दुसऱ्याच्या खात्यावर आपली उधारी टाकल्यासारखे.

आता नावाचा अर्थ अंधार. आणि पिक्चर अख्खा उजेडात! हीच त्यातली गंमत आहे. कॅमेरामन लुचानो तोव्होली, ‘सुस्पिरिया’त लालनिळा धिंगाणा ज्याने घातला तोच. इथे त्याने बरोब्बर उलटं केलं. टीव्हीवरच्या पोलिस मालिकांमध्ये असतो तसा सपाट, सगळीकडे पोचणारा, सावलीला जागाच न ठेवणारा प्रकाश. रोमचं जुनं दगडी रूप जवळजवळ दिसतच नाही, कारंजी नाहीत, भग्न खांब नाहीत, दिसतो तो एउर भाग, मुसोलिनीने 1942 च्या प्रदर्शनासाठी बांधायला घेतलेला (युद्धामुळे ते प्रदर्शन कधी झालंच नाही), आणि नवे काँक्रीटचे बंगले, काचा, पांढऱ्या खोल्या. जॉन सॅक्सनचं पात्र तर भर दुपारी, चौकात, लोक येताजाता भोसकलं जातं. घाबरवायला अंधार लागतो हे कोणी सांगितलं, असा एकूण अ‍ॅटिट्यूड.

मी हा पहिल्यांदा हॉस्टेलवर बघितला, कोणाच्यातरी हार्डडिस्कवरून, आणि फाइलचं नाव होतं ‘अनसेन’. कळलं काहीच नाही. चेहरे गुलाबी, भिंती पिवळट, मधेच उड्या मारल्यासारखं एडिटिंग, शेवटी दारिआ निकोलोदी किंचाळते आणि एकदम किम वाइल्डचं पॉप गाणं सुरू. मला वाटलं हीच इटालियन स्टाइल असेल. नंतर कळलं की ती अमेरिकेची कॉपी, 1984 ला तिकडे थिएटरात लागलेली, 101 मिनिटांतली साधारण दहा कापलेली, आणि ते गाणं तिकडच्या वितरकाने चिकटवलेलं. म्हणजे मी दोनतीन वर्षं ज्या पिक्चरबद्दल हॉस्टेलच्या गच्चीवर मतं ठोकत होतो तो पिक्चर मी बघितलाच नव्हता.

ब्रिटनमध्ये तर वेगळंच. 1983 ला थिएटरात साधारण पाच सेकंद कापून लागला, पण व्हिडिओ कॅसेटवर आला तेव्हा तिकडे ‘व्हिडिओ नॅस्टी’ची बोंबाबोंब चालू होती, पेपरवाले, खासदार, शाळा, सगळेच कॅसेटच्या मागे लागलेले, आणि ज्या 39 पिक्चरवर खटले भरून यशस्वी झाले त्यात ‘तेनेब्रे’ होता. मग 1999 पर्यंत तो दुकानात कायदेशीर मिळतच नव्हता. 1999 ला आला तोही त्याच सीनमधले काही सेकंद कापून, आणि अख्खा, न कापलेला 2003 ला. पाच सेकंदांसाठी वीस वर्षं!

ते पाच सेकंद कुठले, तर आपल्या भिंतीचे. वेरोनिका लारिओ (हिने पुढे 1990 मध्ये बर्लुस्कोनीशी लग्न केलं, हो तेच, नंतर इटलीचे पंतप्रधान झालेले) किचनमध्ये टेबलाशी बसलीये, हातात पिस्तूल, बाहेर पाऊस. खिडकीतून कुऱ्हाड येते, हात तुटतो, आणि ती वळते तसं तुटलेल्या हातातून रक्त भिंतीवर एखाद्या पेंटरने फटकारा मारावा तसं उडतं. पांढऱ्यावर लाल. नीट बघा, शॉट रक्ताचा नाहीचे, भिंतीचा आहे. भिंत पांढरी नसेल तर तो नुसता किळसवाणा प्रकार, भिंत पांढरी असेल तर चित्र. म्हणून रिस्टोरेशन करणाऱ्यासमोर पहिला प्रश्न हाच, की ही भिंत किती पांढरी होती?

ह्यात थोडं टेक्निकल जावं लागेल, सहन करा.

निगेटिव्हवर सगळं उलटं असतं हे शाळेत फोटोच्या पट्ट्या उजेडात धरून बघितलेल्या पिढीला माहितीये. पांढरी भिंत निगेटिव्हवर सगळ्यात गडद असते आणि काळा कोट जवळजवळ पारदर्शक. स्कॅनर काय करतो, फिल्ममधून प्रकाश सोडतो आणि पलीकडे किती पोचला ते मोजतो. जिथे निगेटिव्ह गडद तिथे प्रकाश कमी पोचतो, आणि जिथे प्रकाश कमी तिथे स्कॅनरची स्वतःची इलेक्ट्रॉनिक कुरकुर, म्हणजे नॉइज, वर येते. रात्री मोबाईलने फोटो काढला की जे मुंग्या आल्यासारखं दिसतं ना, तेच, फक्त इथे त्या मुंग्या अंधारात नाही तर पडद्यावरच्या सगळ्यात उजळ भागात जमतात. आता अंधाऱ्या पिक्चरमध्ये उजळ भाग असतोच किती, एखादा दिवा, एखादा चेहरा, खपून जातं. पण ‘तेनेब्रे’मध्ये अर्धी फ्रेम पांढरी! म्हणजे हलक्या स्कॅनरची परीक्षा घ्यायला कोणी मुद्दाम पिक्चर काढला असता तर तो असाच निघाला असता.

आणि नेमकं तेच झालं. 2010 च्या आसपास इटालियन पिक्चरचे हायडेफिनिशन मास्टर (ज्यावरून डिस्क बनते ती मूळ डिजिटल कॉपी) बरेचसे इटलीतल्याच लॅबमध्ये जुन्या पद्धतीच्या मशीनवर बनत होते, हक्क ज्यांच्याकडे त्यांच्याकडून जे मास्टर येईल ते घ्यायचं आणि डिस्कवर टाकायचं असा छोट्या कंपन्यांचा नाइलाज. 2011 ला ब्रिटनच्या अ‍ॅरो व्हिडिओने ‘तेनेब्रे’चा ब्लू-रे काढला आणि लोकांनी डोक्याला हात लावला. भिंती वळवळत होत्या. काही जण म्हणाले अहो हे फिल्मचं ग्रेन आहे, जुना पिक्चर आहे, असंच असतं. नाही. इथे मी भांडायला तयार आहे. ग्रेन म्हणजे फिल्मच्या इमल्शनमधला दाणा, तो प्रत्येक फ्रेममध्ये वेगळा असतो, चित्राच्या आतून येतो, जणू चित्रच त्याचं बनलंय. स्कॅनरचा नॉइज चित्राच्या वरून पडतो, काचेवर धूळ बसावी तसा, आणि त्याच्या आड खरं ग्रेनसुद्धा दिसत नाही. एकदा फरक कळला की मग डोळ्याला दुसरं काही दिसतच नाही हा मात्र शाप आहे.

बरं मग नॉइज पुसून टाका ना, सॉफ्टवेअर आहे की. आहे, पण सॉफ्टवेअरला दोन्ही सारखेच वाटतात, नॉइज पुसायला गेलं की ग्रेन जातं, ग्रेन गेलं की चेहऱ्यावरची कातडी मेणासारखी होते, आणि भिंत... भिंत प्लॅस्टिकची होते. गिलाव्याचा पोत जातो. म्हणजे ताप उतरवायला पेशंटच गार केला. खरा उपाय एकच, निगेटिव्हचा डबा परत बाहेर काढायचा आणि चांगल्या मशीनवर नव्याने स्कॅन करायचा, आणि त्याला पैसे लागतात, आणि चाळीस वर्षांपूर्वीच्या कुऱ्हाडीच्या पिक्चरसाठी ते कोण घालणार?

तर घातले. अ‍ॅरोने 2013 मध्ये वेगळ्या ट्रान्सफरवरून, म्हणजे फिल्मच्या वेगळ्या डिजिटल कॉपीवरून, परत डिस्क काढली, हे मला आवडलं, चूक झाली तर परत करायची हिंमत लागते. 2016 मध्ये अमेरिकेच्या सिनॅप्स कंपनीने स्टीलबुक (पत्र्याच्या डबीतली आवृत्ती) काढलं, आणि 2022 मध्ये दोन्ही कंपन्यांनी 4के, म्हणजे ब्लू-रेपेक्षाही बारकाईचं चित्र देणारी डिस्क. म्हणजे अकरा वर्षांत एकाच पिक्चरच्या इतक्या आवृत्त्या, आणि माझ्यासारख्या लोकांनी त्यातल्या एकाहून जास्त विकत घेतल्या, घरच्यांना काय सांगायचं ते ज्याचं त्याने बघावं.

भिंतीएवढाच मोठा दुसरा घोळ म्हणजे मूळ पिक्चर कुठल्या भाषेतला? आपल्याला वाटतं इटालियन पिक्चर म्हणजे इटालियन ऑडिओ लावा, सबटायटल लावा, झालं. इथे तसं नाही. त्या काळी तिकडे आवाज नंतरच भरायचे, दोन्ही भाषांत. अँथनी फ्रान्सिओसा आणि सॅक्सन अमेरिकन, जॉन स्टायनर ब्रिटिश, हे सेटवर इंग्रजीच बोलतायत, ओठ इंग्रजीचे आहेत. जुलिआनो जेम्मा, निकोलोदी इटालियन. निकोलोदीला तर इंग्रजी आवृत्तीत थेरेसा रसेलचा आवाज दिलाय, म्हणजे इंग्रजी लावलं तर ती स्वतःच्या आवाजात बोलत नाही, इटालियन लावलं तर फ्रान्सिओसा त्याच्या आवाजात बोलत नाही. अस्सल असं काही नाहीच, दोन अर्धी अस्सलं आहेत. मी इंग्रजी लावतो, कारण कथेत नील अमेरिकन आहे आणि रोममध्ये तो परका वाटायला हवा, पण इटालियनवाल्यांशी माझं भांडण नाही.

आणि भाषा फक्त आवाजात नसते. पिक्चरमध्ये वाचायच्या गोष्टी खूप आहेत, पुस्तकाची पानं, धमकीच्या चिठ्ठ्या. त्या काळी असे शॉट दोन दोन भाषांत वेगवेगळे शूट करायचे, इटालियन कागद दाखवणारा एक आणि इंग्रजी कागद दाखवणारा एक. मूळ निगेटिव्हमध्ये जोडलेत ते इटालियन. मग इंग्रजी ऑडिओ लावून बघणाऱ्याला चिठ्ठी मात्र इटालियन दिसते, आणि चाळीस वर्षांपूर्वी लंडनच्या थिएटरात बसलेल्या माणसाला तशी दिसली नव्हती. सिनॅप्सने 2016 ला ते इंग्रजी तुकडे आणि इंग्रजी टायटल्स मिळवून डिस्कमध्ये अशी सोय केली की बघणारा निवडेल त्याप्रमाणे प्लेअर चालू पिक्चरमध्येच ते शॉट बदलून दाखवतो. दहाबारा सेकंदांच्या कागदासाठी एवढी उठाठेव! मला विचाराल तर अख्ख्या प्रकरणात कौतुक करावं असं काम हे आहे, कारण ते चित्र चकाचक करण्याचं काम नाही, तेव्हा लोकांनी नक्की काय बघितलं ते शोधायचं काम आहे.

आता तो क्रेनचा शॉट. हा न सांगता लेख संपवला तर लोक मारतील. पत्रकार टिल्डाचं घर, कॅमेरा तिच्या खिडकीबाहेर आहे, तिथून भिंतीवरून वर चढतो, दुसऱ्या खिडकीत डोकावतो, छपरावर जातो, कौलांवरून सरपटत पलीकडच्या बाजूने खाली उतरतो, एकाच दमात, साधारण अडीच मिनिटं. लुमा नावाची फ्रेंच क्रेन, कॅमेरा टोकाला आणि माणूस खाली मॉनिटर बघत रिमोटने फिरवणार. शूट करायला तीन दिवस लागले, आणि वितरक विनवण्या करत होता की बाबा हे कापा, याला काही अर्थ नाही. अर्थ नाहीचे! कॅमेरा कोणाचा डोळा आहे ते कळतच नाही, खुन्याचा म्हणावा तर माणूस असा चढू शकत नाही. (तोव्होलीने याआधी 1975 मध्ये दिग्दर्शक अंतोनिओनीसाठी खिडकीच्या गजांमधून बाहेर जाणारा सात मिनिटांचा शॉट केला होता, म्हणजे भिंती आणि खिडक्यांशी या माणसाचं जुनंच लफडं.)

पण डिस्क बनवणाऱ्याच्या दृष्टीने हा शॉट म्हणजे कपाळावर घाम. अडीच मिनिटं संपूर्ण फ्रेम सतत सरकतेय आणि तिच्यात आहे काय, तर खरबरीत भिंत, फटी, कौलं, बारीक पोतच पोत. डिजिटल कॉम्प्रेशन चालतं ते ‘मागच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच लिहून ठेवा’ या तत्त्वावर. इथे सगळंच बदलतंय. त्यात वर स्कॅनरचा नॉइज असला तर एन्कोडर, म्हणजे हे कॉम्प्रेशन करणारं सॉफ्टवेअर, बिचारा नॉइजच जपत बसतो आणि भिंत सोडून देतो, मग कौलांच्या जागी चौकोन चौकोन दिसायला लागतात. मी कुठलीही नवी डिस्क आली की आधी हाच शॉट लावतो.

याच शॉटला सिमोनेत्ती, पिन्यातेल्ली आणि मोरांते यांचं थीम म्युझिक दणदणत असतं (तिघेही गॉब्लिनचे, पण इथे बँडचं नाव नाही, स्वतःची नावं आहेत, आणि हीच धून 2007 मध्ये जस्टिस या फ्रेंच जोडीने उचलली). आपल्याला वाटतं बॅकग्राउंड म्युझिक आहे, आणि मग टिल्डा वर ओरडते की आवाज कमी कर, आणि वरची मुलगी रेकॉर्डवरून पिन उचलते. गाणं बंद! म्हणजे इतका वेळ ते घरातच वाजत होतं. आता विचार करा, मूळ ट्रॅक मोनो, म्युझिक आणि संवाद एकाच भोकातून येतात, म्हणून आपण फसतो. डीव्हीडीच्या काळात सगळ्या जुन्या पिक्चरचा आवाज 5.1, म्हणजे खोलीभर ठेवलेल्या सहा स्पीकरचा, करायची जी हौस होती त्यात म्युझिक चारी बाजूंना पसरलं की हा विनोद पातळ होतो. मोनो असेल तर मोनोच ऐका.

4के आल्यावर भिंतीचा प्रश्न परत उभा राहिला, यावेळी दुसऱ्या बाजूने. थिएटरच्या पडद्यावर सगळ्यात पांढरं पांढरं म्हणजे साधारण 48 निट (‘निट’ हे पडद्याच्या उजेडाचं माप), तो ठरलेला मापदंड आहे. घरातला चांगला एचडीआर टीव्ही, म्हणजे उजळ भाग जास्तच उजळ दाखवू शकणारा, हजार निटपर्यंत जाऊ शकतो. मग भिंत किती उजळायची? मशीनला जमतं म्हणून हजारला नेली तर ती ट्यूबलाइट होईल, डोळे दिपतील, आणि रक्ताकडे बघायच्या आधी माणूस रिमोट शोधेल. तोव्होलीचा पांढरा हा झगझगीत नाहीये, तो दवाखान्याचा पांढरा आहे, थंड, निर्विकार. कलर ग्रेडिंग करणाऱ्याला तिथे हात आवरावा लागतो, आणि हात आवरला हे कौतुक कोणाला दिसत नाही, उलट लोक म्हणतात एचडीआर जाणवलाच नाही. अहो तेच तर पाहिजे होतं.

(जाता जाता. पाच वर्षांनी ‘ओपेरा’साठी अर्जेंतोने कॅमेरामन घेतला रॉनी टेलर, ज्याला ‘गांधी’साठी बिली विल्यम्सबरोबर ऑस्कर मिळालं होतं. त्याच रात्री, एप्रिल 1983 मध्ये, त्याच पिक्चरच्या कपड्यांसाठी जॉन मोलोबरोबर आपल्या कोल्हापूरच्या भानू अथय्यांना पण मिळालं. आणि ‘गांधी’तले चार्ली अँड्र्यूज, म्हणजे इयान चार्ल्सन, तेही ‘ओपेरा’त आहेत. साबरमतीहून थेट डोळ्याखाली सुया लावणाऱ्या पिक्चरमध्ये, प्रवास बघा.)

इथून घ्यायची असेल तर एक व्यवहाराची गोष्ट. साध्या ब्लू-रेला रीजन असतं, अमेरिका ए, ब्रिटन बी, आणि भारत सी, त्यामुळे लॉक असलेली डिस्क आपल्या प्लेअरवर चालत नाही, मी एकदा अशी मागवून तीन महिने शोकेसमध्ये ठेवली होती. 4के डिस्कला रीजनची भानगडच नाही, कुठलीही आणा, पण बरोबर येणारी साधी ब्लू-रे तपासून घ्या, ती लॉक असू शकते.

परवा रात्री मी तिन्ही कॉप्या काढून बसलो, हॉस्टेलवाली फाइल (अजून जपलीये), 2011 ची आणि 4के, आणि लारिओचा तोच सीन, कुऱ्हाड यायच्या आधीची फ्रेम पॉज करून, आळीपाळीने. पहिल्या फाइलमध्ये भिंत चहा सांडल्यासारखी. दुसरीत मुंग्या. तिसरीत भिंत आहे, नुसती भिंत, गिलाव्यावर रंगाच्या ब्रशचे फटके दिसतायत असं मला वाटलं म्हणून उठून टीव्हीच्या अगदी जवळ गेलो. तेवढ्यात बायको पाणी प्यायला आली, स्क्रीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, म्हणाली, “आपल्या बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीला ओल आलीये, ती महिनाभर दिसत नाहीये तुला.”